मागच्या रांगेतल्या पोरीचं वजन

जपानच्या सरकारला तिथल्या लोकांच्या तब्येतीची काळजी असेलच; पण त्या देशातल्या एका पोरीच्या हिमोग्लोबिनची काळजी कळमनुरीच्या आमच्या गल्लीत बसून जशी वाहिली गेली, तशी खुद्द टोकियोतही कोणी वाहिली नसेल, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ही काळजी वाहणाऱ्या बाई माझ्या शेजारी राहतात. साखऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी नर्स म्हणून उभी नोकरी केली, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. माझी सासुरवाडी साखऱ्याची. त्यामुळे माझी दोन्ही लेकरं सिस्टरच्याच हातावर जगात आली आणि त्या नात्याने त्या मला आजही जावयासारखं वागवतात. म्हणजे चहा देतात आणि कामाला लावतात.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या फक्त कागदोपत्री. समोर कोणीही आलं, की त्या आधी त्याची खालची पापणी ओढून आत लाली आहे का ते बघतात आणि मग ओळख विचारतात. आमच्या शाळेच्या शिपायाच्या लग्नात त्या आहेर द्यायला स्टेजवर चढल्या, नवरीला जवळ घेतलं आणि फोटोवाला तयार असताना तिची पापणी खाली ओढली. तो फोटो अल्बममध्ये आहे. नवरीला वाटलं, काजळ पुसून राहिल्या. सिस्टर मात्र सासूकडे वळून म्हणाल्या, "पोरगी गोरी न्हाई, फिक्की हाय. गूळ-शेंगदाणे सुरू करा." सासूबाईंनी त्यानंतर सिस्टरशी वर्षभर अबोला धरला, आणि अबोला सुटला तो नातवाच्या बारशालाच. बारशात सिस्टरनी पाळण्याआधी वजनकाटा मागितला.

अशा बाईच्या आयुष्यात जपान आलं ते आमच्या बुद्धविहारामुळे. पौर्णिमेला विहारात कोणीतरी म्हणालं, की जपानमधले विहार फार सुंदर असतात. सिस्टरनी घरी येऊन फोनवर ते शोधले. एका व्हिडिओत खूप पायऱ्यांचा एक डोंगरातला विहार होता, आणि त्या पायऱ्या चढत होत्या पंधरा-वीस पोरी, सगळ्या एकाच रंगाच्या झग्यात. या पोरींचा गाण्या-नाचाचा संच होता. तिकडे अशा कलाकारांना आयडॉल म्हणतात, त्यांचे फोटो, पुस्तकं, बिल्ले, टॉवेल असं काय वाट्टेल ते विकलं जातं आणि लोक ते जिवापाड जपतात, हे मला पुढे कळलं. सिस्टरना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की मागच्या रांगेतली डावीकडची एक पोरगी अर्ध्या पायऱ्यांवर गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, आणि कॅमेरा पुढच्या पोरींमागे निघून गेला. सिस्टरनी मला भिंतीवरून हाक मारली. "सर, या इकडं. ही पोरगी बगा. हिला धाप लागून राहिली अन् कोणाचं लक्ष न्हाई!"

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. जपान म्हटलं की मला ज्वालामुखी आणि तुतीची लागवड आठवते. पण माझ्याकडे परदेशी खरेदीला चालणारं कार्ड होतं, म्हणून त्या दिवसापासून मी सिस्टरचा जपानी विभाग झालो. त्या पोरीचं नाव लांबलचक होतं, त्यामुळे आमच्यात ती "आपली पोरगी"च राहिली. वय बावीस. माझ्या थोरलीच्या बरोबरीची. तिच्या माहितीच्या पानावर उंची होती, आवडता पदार्थ होता आणि चक्क रक्तगट होता. तिकडे कलाकारांचा रक्तगट छापायची रीतच आहे. सिस्टर हरखल्या. "ह्याला म्हणतात शहाणा देश! आपल्याकडं टेबलावर घेतल्यावर विचारतात." मग त्यांनी खालीवर पाहिलं आणि चेहरा उतरला. "पन वजन काहून लिवलं न्हाई?"

तो प्रश्न घेऊनच सारी खरेदी सुरू झाली. वजन कोणी सांगत नाही, तर आपण काढायचं. सिस्टरकडे नोकरीतली लेकरांच्या वजनाची दोन-तीन कोरी कार्डं शिल्लक होती, हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांची. त्यातल्या एकावर त्यांनी पोरीचं नाव घातलं. अंगणवाडीत लेकराचा दंड पट्टीने मोजतात, तसा त्या पोरीचा दंड फोटोत फूटपट्टीने मोजायच्या, मग चेहरा मोजायच्या आणि दोन्हींचा हिशेब लावून कार्डावर पेन्सिलीने ठिपका द्यायच्या. त्यासाठी फोटो सुबक लागतात. फोनवरच्या फोटोंवर त्यांचा भरवसा नव्हता, कारण "फोनमधी गाल फुगवून देतात." म्हणून छापील पुस्तकं हवीत, आणि वर्षाच्या क्रमाने हवीत.

आता ही पुस्तकं विकणारे जपानी दुकानदार परदेशात माल पाठवत नाहीत. त्यासाठी तिथली एक मध्यस्थ कंपनी आपल्याला तिच्या गोदामाचा पत्ता देते. त्या पत्त्यावर आपल्या नावाने माल गोळा होतो, आणि मग सगळा एका पेटीत बांधून इकडे येतो. मी ही व्यवस्था समजावत होतो तर सिस्टरनी मला मध्येच थांबवलं. "कळलं. उपकेंद्रातून ग्रामीण, ग्रामीणमधून जिल्ह्याला. रेफर करतात." पेटीचा प्रवास फोनवर दिसायचा, त्यालाही त्यांची स्वतःची भाषा होती. पेटी जहाजावर चढली की "दिवस गेले", मुंबईत आली की "नववा लागला", आणि मुंबईतच अडकली की "कळा थांबल्या". पेटी घरी आली की त्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि कात्री उकळून घ्यायच्या. चिकटपट्टी नाळेसारखी नेमकी दोन बोटांवर कापायच्या.

पुस्तकांबरोबर बाकीचा पसाराही येत गेला. पोरीच्या नावाचा जांभळा टॉवेल आला, तो खांद्यावर टाकून सिस्टर आठवडी बाजारात मेथी घ्यायला जातात. कार्यक्रमात प्रेक्षकांनी हलवायचा जांभळा दिवा आला, तो वीज गेली की परसात नेतात. बिल्ल्यांची तर गंमतच. बिल्ले बंद पाकिटात येतात, आत कुठली पोरगी निघेल ते आपल्या नशिबावर. आपल्या पोरीचा एक बिल्ला निघेपर्यंत दुसऱ्या नऊ जणी निघाल्या. मी म्हणालो, "सिस्टर, या देऊन टाका कोणाला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लेकराचं लसीकरण चुकवलं होतं. "दुसऱ्याच्या लेकी म्हणून टाकून देता येते काय सर? गाव आपलं हाय, तर सगळं गाव आपलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आखून त्या नऊ जणींचीही नोंद केली. एकीपुढे लिहिलं होतं, "प्रकृती उत्तम. थोडी भांडखोर वाटते."

दोन वर्षं हे सुखाने चाललं. कार्डावरचे ठिपके मात्र पिवळ्या पट्टीतून वर सरकत नव्हते. पोरगी रोज काय खाल्लं ते लिहायची, आणि फोन ते मोडक्यातोडक्या मराठीत करून दाखवायचा. "आज पुन्हा नुसता पाव अन् कॉफी," असं म्हणत सिस्टर स्वतःच्या ताटातली भाकरी बाजूला सारायच्या. मग एक दिवस बातमी आली, की तब्येतीच्या कारणाने ती विश्रांती घेत आहे. चार महिने तिचा एक फोटो नाही की शब्द नाही. सिस्टर सकाळी भिंतीवरून विचारायच्या, "काही आलं का सर?" आणि मी मान हलवली की आत जायच्या. खोटं कशाला सांगू, तोवर मला सगळी थट्टाच वाटत होती. त्या चार महिन्यांत मीही शाळेत जायच्या आधी ते पान उघडून बघायला लागलो.

शेवटी आलं ते असं, की पोरगी संच सोडते आहे. तिच्या फोटोंचं एक शेवटचं पुस्तक निघेल, आणि त्यानंतर ती साध्या माणसासारखी जगेल. फोटो नाहीत, लिहिणं नाही. तिकडे अशा निरोपाला पदवी घेऊन शाळेबाहेर पडणं समजतात. "म्हंजे डिस्चार्ज," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं. "पन सर, डिस्चार्ज देताना पेशंट बरा पाहिजे का न्हाई? ती बरी होऊन चालली का तशीच चालली, हे आपल्याला कोन सांगनार?" सांगणारं आता ते एक पुस्तक होतं. त्याच्या मोजक्याच प्रती छापणार होते आणि त्याची नोंदणी एका सकाळी उघडणार होती. मी शाळेला अर्धी रजा टाकली. जपानी अक्षरांच्या पानावर मी चौकोन भरत होतो आणि सिस्टर मागे उभ्या राहून बाळंतपणाच्या खोलीतल्या आवाजात सांगत होत्या, "हां, घाबरायचं न्हाई... आता लावा जोर!" पुस्तक मिळालं. मला घाम फुटला होता.

यानंतर सिस्टरनी मला न विचारता एक उद्योग केला. शेंगदाणे, तीळ, अळीव आणि गूळ यांचे लाडू वळले, स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात भरले, आणि टपालाने जपानला धाडले. कुठं? तर गोदामाच्या पत्त्यावर, जो त्यांच्या डायरीत "माझा जपानचा पत्ता" म्हणून लिहिलेला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ती माणसं तिकडून इकडं आणतात, तर इकडून आलेलं पोरीला नेऊन देणार नाहीत काय? लोहाच्या लाल गोळ्याही जायच्या होत्या, पण टपालातल्या बाईने औषधं परदेशी जात नाहीत म्हणून काढायला लावल्या. महिन्याभराने गोदामाचा मला संदेश आला. आपल्या नावे एक पेटी आली आहे, आत धातूचा डबा व खाद्यपदार्थ आहेत, तो भारतात आपल्या पत्त्यावर कधी पाठवू? मी पोट धरधरून हसलो. पुढची ओळ वाचल्यावर हसू थांबलं. नियमानुसार खाद्यपदार्थ पुढे पाठवता येत नाहीत, तरी ते नष्ट करण्यास परवानगी द्यावी.

"फेकनार?" सिस्टरनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग पदर खोचून त्या म्हणाल्या, "लिवा सर. फेकू नका. आपल्या पेट्या इतक्या निगुतीनं बांधते ते जे कोनी लेकरू हाय, त्याला द्या. दिवसभर उभं राहत असंल. कंबर दुखत असंल." मी फोनकडून जपानी करवून घेतलं आणि पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: आपली विनंती समजली.

पेटी आली ती गेल्या पंधरवड्यात. हात धुतले गेले, कात्री उकळली गेली. वर पुस्तक होतं आणि तळाशी कागदात गुंडाळलेला सिस्टरचा डबा. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानांवर झगे होते, दिवे होते. मी मधूनच शेवटाकडे डोकावत होतो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तपासणी क्रमानेच व्हायची. शेवटच्या पानावर पोरगी कुठल्यातरी साध्या स्वयंपाकघरात बसली होती. केस कसेतरी बांधलेले, हातात भाताचा गोळा, एक गाल भरून फुगलेला, आणि कोणीतरी काही बोललं म्हणून खळखळून हसत होती. सिस्टरनी फूटपट्टी घेतलीच नाही. त्यांनी अंगठा फोटोतल्या डोळ्याखाली ठेवला आणि किंचित खाली ओढला. "लाली आली," त्या म्हणाल्या. कार्डावर हिरव्या पट्टीत ठिपका पडला. त्या चष्मा पुसायला लागल्या, आणि मी उगाच खिडकीबाहेर बघितलं.

मग डबा उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं. घासूनपुसून लख्ख केलेल्या डब्यात सात-आठ खाऊच्या गोळ्या होत्या, प्रत्येक गोळी वेगळ्या रंगाच्या कागदात. चिठ्ठी नव्हती. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे त्या गोदामातल्या माणसाला कोणी शिकवलं असेल? नियमाने लाडू कदाचित कचऱ्यातही गेले असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. सिस्टर म्हणाल्या, "खाल्ले बरं का सर त्यांनी. आवडले."

कार्डाच्या तळाशी पुढच्या भेटीची जागा असते. तिथं त्यांनी आडवी रेघ मारली. "आता कळणार कसं सिस्टर, ती कशी आहे ते?" मी विचारलं. "न्हाई कळनार," त्या म्हणाल्या. "साखऱ्याच्या लेकरांचं कुठं कळतं? पाच वर्षांचं झालं की कार्ड बंद. ठीक असलेल्या लेकराची खबर कोनी आनून देत न्हाई. खबर न्हाई म्हंजे ठीक हाय, असं धरून चालायचं." मग दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. "एक तुमची. एक तुमच्या पोरीला ठेवा."

माझी थोरली पुण्याला नोकरी करते. आठवडा झाला होता, तिचा फोन नव्हता, आणि मीही ठीक असेल असं धरून चाललो होतो. घरी येऊन मी तिला फोन लावला. तिने हॅलो म्हटल्यावर मी विचारलं, "वजन किती आहे गं तुझं?"

पलीकडे ती हसायला लागली. "सिस्टरनी विचारायला सांगितलं ना बाबा?"

"नाही गं," मी म्हणालो. "मीच विचारतोय."