ऑक्सिटोसिन आणि सुमनची म्हैस

स्टाफरूमचा कचरा रोज निघतो. किस्से मात्र साचत जातात. लाखांदूरकडच्या आमच्या शाळेत गेल्या वर्षी साचले ते सगळे ऑक्सिटोसिनचे.

हेडमास्तर नागपूरच्या प्रशिक्षणातून ऐकून आले. मेंदूत तयार होणारं हे एक न्यूरोपेप्टाइड. त्यानं बाळंतीण सुटते, दूध उतरतं, माणसाचा माणसावर विश्वास बसतो. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: प्रार्थनेनंतर शिक्षकांनी एकमेकांना मिठी मारावी. पीटीचे रामटेके सर म्हणाले, "आधी माही रजा मंजूर करा सर. मंग पाहा कसा विश्वास येते!"

*

विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं, हेच रसायन आपल्या माणसांत जवळीक वाढवतं, पण परक्यांबद्दल संशयही वाढवू शकतं. गणितवाले आणि भाषावाले तेव्हा वेगवेगळ्या टेबलांवर डबे खात होते. रामटेके म्हणाले, "म्हंजे आपल्या शाळेत कमी नाही, जास्तच झालं आहे!"

*

पावसाळ्याआधी माझी बायको सुमन गेली. तेरवीनंतर शाळेत आलो, तर हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि फोटो ग्रुपवर टाकला. खाली अंगठेच अंगठे. त्यांच्या खिशातला पेन माझ्या गालात रुतलेला फोटोत स्पष्ट दिसतो.

*

सुमननं पारडीपासून वाढवलेली म्हैस मला पान्हा सोडेना. असंच चाललं तर ती आटणार होती. एकानं चोरून इंजेक्शन आणलं, त्यातही ऑक्सिटोसिनच. मी परत पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "ते तिच्यात आहेच, सर. तिला फक्त ओळखीचा हात, ओळखीचा वास लागतो."

हेडमास्तरांनी म्हशीला मिठी मारायला सांगितलं. मी मारली. तिनं लाथ घातली. तिचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं.

*

शेवटी रामटेके म्हणाले, "कायले जीव जाळता? विकून टाका." मी हो म्हटलं. रविवारी ते अड्याळचा व्यापारी घेऊन येणार होते.

आमच्याकडे घरची बाई माहेरी गेली, की गडी तिची साडी गुंडाळून धार काढतो. रविवारी सकाळी मी सुमनची धारेच्या वेळची साडी काढली. ती धुतलेली नव्हती. डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसलो. म्हशीनं पदर हुंगला. बराच वेळ हुंगत राहिली. मग बादलीत धार वाजली.

मान वळवली, तर फाटकाशी रामटेके. मागे व्यापारी. शाळेत प्रत्येकाची नक्कल करणारा हा माणूस. मी पदर काढायलाही विसरलो.

रामटेके व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "चाल भाऊ, परत जाऊ. वहिनी 'नाही' म्हणून राह्यल्या."