टेबलावरचं मैदान

साळवे गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. रहाटणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे, तिला पत्रे ठोकलेत. सकाळी दूध आणायला गेलो तर त्यावर हा लागलेला. हात जोडलेले नेते मोठे, त्यांचे कार्यकर्ते मध्यम आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या मापाचे साळवे. 'लोकसहभागाचे शिल्पकार'. ज्या जागेसाठी ते भांडले आणि हरले, तिच्याच पत्र्यावर... आता दीड महिना झाला. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आलाय.

साळवे मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराच्या जुन्या विकास आराखड्याची प्रत मिळवली आणि आमच्या भागाचा तुकडा कापून जेवणाच्या टेबलावर काचेखाली घातला. त्यात ही जागा मुलांच्या मैदानासाठी राखीव होती. ती त्यांनी हिरव्या पेन्सिलीने रंगवली. महापालिकेच्या नव्या मसुद्यात तिथे व्यापारी संकुल आलं होतं. "पोरांनी काय जिन्यात क्रिकेट खेळायचं?" एवढंच ते विचारत, पण ज्याला त्याला विचारत.

मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. तशी जाहिरात दिली होती, भिंगातून वाचता येईल अशी. साळवे लोकांच्या शिफ्टच्या वेळा सांभाळून घरोघर फिरले. छापील नमुना त्यांना नको होता, ज्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत हवं. रहाटणीच्या जुन्या गावठाणातल्या एक आजी म्हणाल्या, "लिव्ह, हितं आमची म्हसरं बसायची. आता पोरांनाबी बसू देत न्हाई व्हय?" साळव्यांनी ते तसंच उतरवून खाली अंगठा घेतला.

कागदांचा ढीग झाला तेव्हा मी म्हणालो, "राव, सुटे कसले देता? बांधून द्या. गठ्ठा टेबलावर आदळला की साहेबाला वजन कळतं." त्यांना एकदम पटलं. कंपनीत सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. त्यांनी माप घेऊन भोकं पाडली, पानांना आकडे घातले. अनुक्रमणिका माझ्या अक्षरात होती. मला तिचा अभिमानही होता. आवक खिडकीवरच्या माणसाने त्या देखण्या गठ्ठ्यावर एक शिक्का मारला आणि एक नंबर टाकला.

सुनावणीला सगळी गल्ली रजा टाकून आली. नाव पुकारलं ते एकट्या साळव्यांचं. मी त्यांच्याबरोबर आत घुसलो.

"हरकत एक आहे. थोडक्यात बोला," समितीतले एक साहेब म्हणाले.

"साहेब, माणसं बाहेर बसलीत. प्रत्येकाची वेगळी आहे."

"बाहेर असतील. नोंदीत एकच आवक नंबर आहे."

साळवे अनुक्रमणिका वाचायला लागले. दुसऱ्या पानावर गेले तोवर पुढचं नाव पुकारलं होतं. बाहेर आजी मंडपाच्या खुर्चीवर ताठ बसून होत्या. "आमचं नाव कवा घेत्यात?" त्यांनी विचारलं. दाराशी 'आपला सहभाग, आपलं शहर' असा फलक होता आणि त्याच्यापुढे फोटो काढायची सोय केलेली होती.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "चूक माझी. सुटे द्यायला पाहिजे होते." मी बाहेर बघत होतो. तेव्हा बोललो नाही, आणि पुढे त्यांच्या घरी इतके चहा प्यालो तरी... गल्लीतली माणसं रजा फुकट गेल्याचं त्यांना ऐकवत राहिली. साळव्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. अंतिम आराखड्यात संकुल कायम झालं, पत्रे आले, आणि साळव्यांनी गल्लीच्या त्या तोंडाने जाणंच सोडलं.

परवा साळवे वहिनींना, गठ्ठा बांधायचं मीच सुचवलं होतं हे सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्यांनी चहा आणला. मी कप टेबलावर टेकवणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"तिथं नका ठेवू, भाऊजी. ते कुणालाच ठेवू देत नव्हते. मैदान आहे ते."

मी कप उचलला. टेबलावर बाकी जागा भरपूर होती, तरी तो हातातच धरून बसलो. भाजत होता.