कुंडीतल्या सहा दूर्वा
दूर्वा खुडताना बोटांना लागणाऱ्या हिरव्या वासाने मला बनशंकरीतल्या घरातली ती संकष्टी आठवते. गणपतीला एकवीस दूर्वा हव्या होत्या आणि शेजारच्या अक्कांच्या मांजराने कुंडीत मोजून सहा शिल्लक ठेवल्या होत्या. तक्रार करायला मी दार वाजवलं, तर त्याच ओरडल्या, “अण्णा, कुंडीत विष घातलंत ना? सकाळपासून ओकतंय ते!” “देवाच्या दूर्वांना विष घालीन मी? तुमचं मांजर आवरा आधी!” जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, गवत खाऊन मांजर ओकतंच, त्याला काही होत नाही. देवाला त्या दिवशी सहाच वाहिल्या. आठवड्यात दूर्वा दाट फुटल्या, मांजरही ठणठणीत राहिलं. विषाचा तो आरोप अक्कांनी अजून मागे घेतलेला नाही आणि मी त्यांच्याशी अजून बोललेलो नाही.