अब्रूच्या चाळीस डब्या

जंतांवर पीएचडी करते म्हटलं की लोक आधी स्वतःच्या ताटाकडे बघतात, मग माझ्याकडे. बघोत. कॉलेजात मोर्चांची पत्रकं मीच लिहायचे, त्यामुळे कात्रजच्या पलीकडच्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावात पाहणी ठरली तेव्हाही मी आधी पत्रकच वाटलं: 'तुमच्या मुलांच्या पोटात जंत आहेत आणि तुम्ही गप्प आहात.'

गाव गप्प बसलं नाही, भडकलं. पण चाळीस घरांतून मुलांच्या शौचाचे नमुने मिळाले नसते तर माझं संशोधन तिथेच संपलं असतं. शेवटी माजी सरपंचांच्या घरच्या काकूंनी रिकाम्या डब्या ठेवून घेतल्या.

"उद्या न्या. आमच्या गावात असलं काय नाय, तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस डब्या ओट्यावर, नावांच्या चिठ्ठ्यांसकट. एवढं चोख काम मी कुठल्याच सरकारी कचेरीत पाहिलेलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या नमुन्यात जंतांची अंडी. दुसऱ्यात अंडी. चाळिसाव्यातही. अहवालाला 'व्यवस्थेचं संपूर्ण अपयश' असं शीर्षक टाकून मी गाईड मॅडमना बोलावलं. त्यांनी पाच-सहा काचा पाहिल्या.

"सगळीकडे तीच टोमॅटोची सालं, अंडीही तेवढीच. चाळीस घरांत मिळून पोट एकच आहे का गं?"

मी तणतणत गावात गेले. काकू शेंगा निवडत होत्या. विचारल्यावर सरळ कबूल केलं: गावाचं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी सर्वांत स्वच्छ पोर निवडून तिच्याच शौचातून सगळ्या डब्या भरल्या होत्या. ही पोर म्हणजे त्यांची नात. इंग्रजी शाळा, बाटलीचं पाणी. शेतातली गाजरं ती मातीसकट खाते, हे काकूंना ठाऊक नव्हतं.

"काकू, ही शुद्ध फसवणूक आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. निघालं काय?"

"जंत. चाळीसही डब्यांत."

"म्हंजे आमच्याच पोरीला?"

"इतरांचं कसं कळणार? त्यांचे नमुने कुठे आहेत?"

काकूंनी सूप बाजूला सारलं. "नव्या डब्या द्या इकडं. एकट्या माझ्या नातीला जंत हायेत म्हणून गाव हसणार? बघतेच एकेकाचं."

पुढचे तीन दिवस त्या सकाळी सहाला दारोदार उभ्या होत्या. शेजारच्याची डबी कुणी खपवू लागलं की परत पाठवत.

या वेळचे नमुने खरे होते. निकाल सांगताना मी आवाज शक्य तितका गंभीर केला: निम्म्याहून जास्त मुलांना जंत आहेत, सगळ्यांना गोळ्या द्याव्या लागतील.

काकूंचा चेहरा उजळला. नातीला त्यांनी हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकला, दुप्पट साखरेचा.