कडुनिंबाखालचे काकाजी

आमच्या काकाजींना किळस फार लवकर यायची. चहावरची साय, दुसऱ्यानं सोललेलं संत्रं, तोंडावरची स्तुती, काहीही असो. नाक मुरडून एकच शब्द, "छ्या!" आमच्या सौसर गावात सगळे त्यांना 'छ्या काकाजी' म्हणत.

दर शनिवारी ते जामसांवलीच्या मारुतीला पायी जात. हल्ली वाटेत नाल्यापुढची चढण आली की त्यांची छाती आवळून यायची. मग तिथल्या कडुनिंबाखाली बसायचं, जिभेखाली गोळी ठेवायची, कळ ओसरली की उठायचं. दर वेळी तीच चढण, तेच झाड. "मारुतीले घाई नाही," म्हणायचे.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. पडायच्या भीतीनं दांडी घट्ट धरून काकाजी लवकरच थांबले. "छ्या! चालून राहिलो अन् जागचा हलून नाही राहिलो!" पुढच्या महिन्यात तीच तपासणी पुन्हा झाली, तेव्हा मात्र बरंच जास्त चालले. डॉक्टर आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "दुसऱ्या वेळी माणूस सवयीनंच जास्त चालतो. दुखणं आहे तिथंच आहे. बसावंसं वाटलं की बसा."

"म्या मशीन शिकलो, साहेब. छाती तीच हाय," काकाजी हसले.

त्यांच्या मुलानं, विलासनं, फक्त 'जास्त चालले' एवढंच ऐकलं. बाप ठणठणीत झाला म्हणून त्यानं बाजारभर पेढे वाटले आणि भाऊबंद जमवून, काकाजींना घेऊन, जामसांवलीला नवस फेडायला वाजतगाजत पायी निघाला.

मी तेव्हा पांढुर्ण्याला, सासरी होते. पुढचं विलासच्या बायकोनं रडत सांगितलं. कडुनिंबाखाली काकाजी बसले. विलासनं त्यांचा दंड धरला. "बाबा, लोक पाहून राहिले. रिपोर्ट चांगला आला ना? उठा!"

आयुष्यभर सगळ्याला छ्या म्हणणारा माणूस चारचौघांत मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून मुकाट उठला. चढण संपायच्या आत कोसळला. तेराव्याला विलास येईल त्याला सांगत होता, "मशीनच खोटी निघाली." मी ताट बाजूला सारून उठले.

आता माहेरी आले की शनिवारी मीही पायी जाते. माझी छाती धडधाकट आहे, तरी त्या कडुनिंबाखाली बसते. मागच्या खेपेला विलास मागून आला.

"ताई, उठ ना. उशीर होऊन राहिला."

"छ्या!" मी म्हटलं, आणि बसून राहिले.