दार लावून बोलायचं!

आमच्या लालबागच्या चाळीत गुपितं टिकत नाहीत, किस्से टिकतात. आई गेल्यावर मी मोबाइलवरून थेरपी सुरू केली, तर थोड्याच दिवसांत एवढे किस्से जमले की थेरपीवाल्या मॅडम आमच्या मजल्याच्याच झाल्या. त्यातले थोडे सांगतो.

* * *

सुरुवात मॅडमच्या मेसेजने झाली. ‘सेशनसाठी शांत, एकांताची जागा निवडा.’ मी तो माझ्या मित्राला, नित्याला, गॅलरीत वाचून दाखवला. तो हसून हसून कठड्याला टेकला.

“अरे, जन्माला आल्यापासून तुला एकांत मिळालाय का कधी?”

एक खोली, त्यात मी आणि बाबा. आई गेल्यापासून आमचं बोलणं ‘दूध आणलं का’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढंच उरलं होतं. तिचं नाव दोघंही काढत नव्हतो. मला ते असह्य व्हायला लागलं, म्हणून तर थेरपी! बाबांना सांगितलं, तर ते फक्त “बरा” म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

* * *

पहिल्या दिवशी मी दार लावून घेतलं. चूक! आमच्याकडे दिवसा दार लागलं म्हणजे आत भांडण तरी चाललंय, नाहीतर कुणाचं काहीतरी बिनसलंय. दोन मिनिटांत धाडधाड! शेजारच्या मालतीकाकू, हातात उसळीची वाटी.

“काय झाला रे? दार कित्याक लावलंस?”

“काकू, डॉक्टरांशी बोलतोय.”

काकू सरळ आत. मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये डोकावल्या. “जेवलंस काय गो?”

मॅडम गोंधळून म्हणाल्या, “नाही अजून.”

“मगे आधी जेव! ह्यो खंय पळान जाता?”

काकू गेल्यावर मॅडमनी आवाज गंभीर करून पहिला नियम सांगितला. “इथलं बोलणं आपल्या दोघांतच राहील.”

फळीच्या भिंतीपलीकडून काकू खोकल्या.

* * *

मला वाटलेलं, मॅडम उपाय सांगतील. सकाळी हे करा, रात्री ते करा. कसलं काय! त्या विचारायच्या आणि थांबायच्या. चाळीत एवढा वेळ कुणी गप्प बसलं तर लोक तोंडावर पाणी मारतील!

एकदा त्यांनी विचारलं, “आईचं सगळ्यात जास्त काय आठवतं?”

सगळा जीव एकवटून मी सांगितलं. कामावरून आलो की जिन्यातच माझी पावलं ओळखून आई वरून विचारायची, “इलंस?” आलास का, एवढंच. आता जिना चढतो, तेव्हा कान वरच लागलेले असतात. घरात शिरेपर्यंत वाट बघतो.

बोलून वर पाहिलं, तर मॅडमचं तोंड अर्धवट उघडं. नेटवर्क अडकलेलं!

“सॉरी, आवाज तुटला. पुन्हा सांगाल?”

पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा मात्र हुंदका आवरला नाही.

* * *

काकूंच्या खोकल्यावर उपाय म्हणून पुढचं सेशन नित्याच्या गाडीत केलं, शिवडीला, गोदामांच्या गल्लीत. काचा वर, मी आत रडतोय. वॉचमनने टकटक केलं.

“क्या भाई, लडकी छोड के गयी क्या?”

“नाही. आई गेली.”

त्याने गोदामाचं गेट उघडलं. “गाडी अंदर ले लो. इधर आते-जाते लोग देखते हैं.”

* * *

आणि परवाचा हा किस्सा. मॅडम म्हणाल्या, “आज एक रिकामी खुर्ची समोर ठेवा. आई तिथे बसलीय असं समजा आणि मनातलं बोला.”

घरात खुर्ची एकच, बाबांची. ती समोर ओढली. पण काय करणार, तिथे मला बाबाच दिसत होते!

तेवढ्यात चष्मा घ्यायला बाबा आत आले. मी रिकाम्या खुर्चीसमोर बसलेला बघून थबकले. “ह्या काय?”

“मॅडम म्हणतात, इथे आई बसलीय असं समज.”

बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ती कधी खुर्चेर बसली रे?”

त्यांनी खुर्ची उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली. ओट्याखालचा पाट काढला, हाताने पुसला आणि भिंतीला लागून मांडला. तांदूळ निवडताना ती बसायची तिथेच. मग गुडघे धरत माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

“मॅडम, मी हय बसलंय तर चलात?”

“चालेल की.”

बाबांनी पाटाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, “इलंस?”