न घेतलेल्या दारूचा बोभाटा

रंगनाथ ओव्हाळांनी जन्मात दारूला बोट लावलं नाही, आणि खडकीत त्यांची ख्याती काय, तर पक्का बेवडा. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार!

झालं असं, की कारखान्यात नोकरीला असतानाच त्यांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. गोळ्यांनी आवाज थांबले. पण वर्षानुवर्षं घेतलेल्या त्याच गोळ्यांमुळे पुढे जबडा आपोआप चाळवायला लागला, जीभ वळेना, मान खांद्याकडे ओढली जाऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, मान काही ऐकेना. आगीतून फुफाट्यात!

बुद्धविहारात रविवारची वंदना रंगनाथरावच सांगायचे. एकदा पाचव्या शीलाला, म्हणजे नेमकं दारूपासून दूर राहण्याच्या शीलालाच, त्यांची जीभ अडखळली, मान हिसडली. समितीचे हिंमतराव म्हणाले, "तुम्ही आता मागेच बसत जा." खरं सांगायची सोय नव्हती. बायकोची, सुशीलाबाईंची, शपथ होती. "डोक्याच्या गोळ्या म्हटलं तर दीक्षाचं लग्न जमेल का?" लेकीचं लग्न झालं, तिला मूल झालं, शपथ मात्र सुटली नाही.

शेवटी दीक्षानेच हट्टाने ऑपरेशन करवलं. मेंदूत बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. बटण दाबलं की मान सरळ, अशी घरच्यांची समजूत. कुठलं काय! डॉक्टर करंट किंचित वाढवत आणि पुन्हा बोलवत. रंगनाथराव वैतागून म्हणत, "रेडिओचं स्टेशनसुद्धा याच्या आधी लागतं." कित्येक महिन्यांनी मान सरळ झाली, शब्द स्वच्छ येऊ लागले.

मग हिंमतरावांनी त्यांना स्वतःहून पुढे बसवलं. पाचही शीलं खणखणीत झाली. वंदना संपल्यावर हिंमतरावांनी माईक घेतला. "रंगनाथरावांनी दारू सोडली! तरुणांनी यांचा आदर्श घ्यावा." टाळ्यांचा कडकडाट झाला.

रंगनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांतून सुशीलाबाई 'नको' म्हणून मान हलवत होत्या. पण खोटं न बोलण्याचं शील त्यांनी आत्ताच सगळ्यांकडून म्हणवून घेतलं होतं. त्यांनी माईक ओढून घेतला.

"सोडायला मी कधी प्यालोच नव्हतो. मला डोक्याचा आजार होता, त्याच्या गोळ्यांनी मान वाकडी झाली. अजूनही गोळ्या घेतो. ऐकलंत सगळ्यांनी?"

हिंमतरावांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात. करतील कबूल."